सायकलचं कॅरिअर: देखणं घ्यावं की दणकट?

सायकल घेताना माणूस फ्रेम बघतो, गिअर बघतो, रंग तर सगळ्यांत आधी बघतो. कॅरिअरची आठवण होते ती नंतर, मंडईतून येताना हँडलच्या दोन्ही बाजूंना पिशव्या लोंबकळायला लागल्या की. मग दुकानात गेलं की दोन टोकं समोर येतात. एकीकडं काळ्या जाड सळईचं, वर चाप असलेलं नेहमीचं कॅरिअर. दुसरीकडं पॉलिश केलेलं पुढचं रॅक, त्यावर लाकडी पट्ट्या, कॅनव्हासची बॅग आणि चामड्याचे पट्टे. फोटोत बघितलं तर कुणाचाही जीव जडावा असं.

माझं मत आधीच सांगतो. वजन सायकलवर नेमकं कुठं बसणार, हे पहिल्यांदा ठरवा. एवढं ठरलं की अर्धेअधिक पर्याय आपोआप गळतात, आणि उरलेल्यांतून डोळ्याला आवडेल ते खुशाल निवडा. देखणेपणाला मी अजिबात कमी लेखत नाही. आवडीची सायकल माणूस रोज बाहेर काढतो, पुसतो, तिचं तेलपाणी बघतो. नावडती सायकल जिन्याखाली गंजत पडते, मग तिचं कॅरिअर कितीही दणकट असो.

आपल्या कोल्हापुरात सायकलवर काय चढतं?

कपिलतीर्थ किंवा लक्ष्मीपुरीतून आणलेली आठवड्याची भाजी, म्हणजे पाच-सहा किलो सहज. विद्यापीठात जाणाऱ्याची सॅक, तीत लॅपटॉप, डबा, पाण्याची बाटली. उद्यमनगरात कामाला जाणाऱ्याचा जेवणाचा डबा, आणि कधीतरी लेथवर काढलेला एखादा जॉब, म्हणजे लोखंडी भाग, आकारानं लहान पण हातात घेतला की मनगट खाली जातं असा. दहा किलोचा गुळाचा रवा, म्हणजे ढेप. गवळ्याच्या किटल्या. रविवारी वाघबीळवरून पन्हाळ्याला चढणाऱ्यांचा रेनकोट, केळी आणि हवा भरायचा छोटा पंप. आणि जून ते सप्टेंबर या सगळ्यावर कोसळणारा पाऊस.

ही यादी मुद्दाम दिली. हौशी रॅक आणि बॅगांचे जे फोटो आपण बघतो, ते बहुतेक कोरड्या, गुळगुळीत रस्त्यांच्या गावातले असतात. त्या बॅगेत एक वही, एक जर्किन आणि फार तर पावाची लादी असते. तेवढ्यासाठी ते सामान उत्तमच आहे. आपली यादी वेगळी आहे, त्यामुळं आपला निकालही थोडा वेगळा लागतो.

पुढची टोपली

पुढच्या टोपलीचं सुख मोठं आहे. सामान डोळ्यासमोर राहतं. महाद्वार रोडवरच्या गर्दीत पर्स मागं ठेवून कुणी निर्धास्त राहू शकत नाही, पुढं ठेवलेली पर्स मात्र सतत नजरेत असते. थांबायचं, वस्तू टाकायची, निघायचं. बांधाबांध नाही, चाप उचलणं नाही. आणि वेताची टोपली लावलेली सायकल दिसते सुरेख, यात वादच नाही.

अडचण वजनाची आहे. हँडलला अडकवलेली टोपली हँडलबरोबर वळते. तिच्यातलं वजन हँडलच्या वळण्याच्या अक्षापासून बरंच पुढं असतं, त्यामुळं चाक जरा एका बाजूला कललं की ते वजन त्याला आणखी त्याच बाजूला ओढतं. वेगात असताना हे फारसं जाणवत नाही. जाणवतं ते सावकाश चालवताना, म्हणजे गर्दीत, मंडईच्या तोंडाशी, रिक्षामागं रेंगाळताना. दोन किलोला काही होत नाही. पाच किलोला हँडल हातात जड लागतं. त्याच्या वर गेलात तर एका हातानं चालवणं किंवा हात दाखवून वळणं जोखमीचं होतं. नुसत्या हँडलवर बसणाऱ्या बहुतेक टोपल्यांची मर्यादा ५ ते ७ किलोच्या आसपासच असते, आणि ती मर्यादा चांगल्या रस्त्याची धरलेली असते. आपल्याकडं पावसाळ्यानंतर रस्ते कसे होतात ते सगळ्यांना माहीत आहे.

दुसरी एक गोष्ट दुकानात कुणी सांगत नाही. टोपलीचा मागचा काठ ब्रेकच्या केबल दाबतो. केबलला तीव्र वळण पडलं की आतली तार घासायला लागते, ब्रेक जड होतो, सोडल्यावर लिव्हर सावकाश परत येतो. ब्रेकच खराब आहे असं समजून लोक ब्रेकशू बदलतात, आणि दोष असतो टोपलीत. टोपली बसवल्यावर हँडल दोन्ही बाजूंना शेवटपर्यंत फिरवा आणि केबल कुठं चेपतेय का ते बघा. तिथंच फ्रेमच्या पुढच्या नळीवर टोपलीची तार घासून रंग उडतो. जुन्या ट्यूबचा तुकडा मध्ये गुंडाळला तर तेही वाचतं.

टोपली घ्यायचीच असेल तर जिच्या खाली दोन पाय आहेत आणि ते पाय थेट पुढच्या ॲक्सलला जाऊन बसतात, अशी घ्या. वजन मग हँडलवर न लोंबता चाकावर उतरतं. ती दिसायला थोडी जुन्या वळणाची वाटते, पण नुसत्या हुकवरच्या टोपलीपेक्षा कितीतरी शांत चालते. वजन हँडलबरोबर वळतं ते तेवढं राहतंच.

फोटोतलं पुढचं रॅक

रुंद, सपाट, चकाकणारं पुढचं रॅक सध्या हौशी सायकलवाल्यांत फार चालतं. जपानच्या निट्टो कंपनीचे असे रॅक लोक जपून वापरतात. अमेरिकेतल्या वॉल्ड या १९०५ सालच्या कंपनीची रुंद तारेची टोपली अशाच रॅकवर पट्ट्यांनी बांधायची पद्धत आहे. ती टोपली १५ इंच बाय १० इंच आणि जेमतेम पावणेपाच इंच खोल असते. उथळ असल्यामुळं छान दिसते, आणि उथळ असल्यामुळंच खड्ड्यात आदळली की कांदे बाहेर उडी मारतात. वर जाळी ताणावी लागते.

या रॅकचा जन्म मात्र कष्टाच्या कामातला आहे. पॅरिसमधली वर्तमानपत्रं पोचवणारी माणसं छापखान्यातून निघालेले गठ्ठे असल्या रॅकवर लादून शहरभर पळवायची. त्यांच्या शर्यतीसुद्धा भरायच्या. पण त्या सायकलींचे चिमटे, म्हणजे पुढचं चाक धरणारे फोर्क, तसे घडवलेले होते. चिमट्याला पुढं जास्त बाक, त्यामुळं ‘ट्रेल’ कमी. वळण्याचा अक्ष खाली वाढवला तर तो जमिनीला जिथं भेटेल, तिथपासून टायर जमिनीला टेकतो त्या जागेपर्यंतचं अंतर म्हणजे ट्रेल. हे अंतर कमी असलं की पुढचं वजन हँडलला फारसं छळत नाही. आज आपण घेतो त्या हायब्रीड आणि माउंटन सायकलींमध्ये ट्रेल बऱ्यापैकी जास्त असतो. त्यावर तेच रॅक लावून आठ-दहा किलो चढवलं तर सायकल प्रत्येक वळणाला नको इतकी झुकते.

म्हणून या रॅकबद्दल माझं स्पष्ट मत असं आहे: आवडत असेल तर घ्या, पण त्याच्यावर तीन-चार किलोच्या वर काही ठेवायचं नाही हे मनाशी पक्कं करून घ्या. पुढं चपलेचा जोड, टिफिन, फुलं. जड ते मागं.

मागचं कॅरिअर

खरा निर्णय इथं आहे, म्हणून जरा थांबून बघूया.

जुन्या २८ इंची काळ्या सायकलवरचं कॅरिअर इतकं वजन कसं पेलतं? सळई जाड आहे हे अर्धं उत्तर. उरलेलं अर्धं त्याच्या पायात आहे. त्या कॅरिअरचे पाय थेट मागच्या ॲक्सलवर, चाकाच्याच मोठ्या नटाखाली बसतात. मध्ये बारीक बोल्ट कुठंच नाही. शिवाय त्या मागच्या चाकाला ४० आरे असतात, पुढच्याला ३२. म्हणजे मागं वजन येणार हे सायकल बनवणाऱ्यानंच धरलेलं होतं. म्हणून त्यावर डबलसीट माणूस बसला, धान्याचं पोतं आलं, दोन्ही बाजूंना किटल्या लटकल्या, तरी ती सायकल वर्षानुवर्षं चालते.

आता हायब्रीड सायकलला बसणारं ॲल्युमिनियमचं कॅरिअर घ्या. वजन पाऊण किलोच्या आसपास, रंग मॅट काळा, रेघा सरळ, सायकलला शोभतं. त्यावर बहुतेक वेळा २५ किलो असं छापलेलं असतं. हा आकडा सामानाचा आहे, माणसाचा नाही. त्यावर डबलसीट बसवू नका. लहान मुलाला तर मुळीच नको, कारण मोकळ्या आऱ्यांत पाय जाऊन होणारी जखम फार वाईट असते. मुलासाठी पावलांना आडोसा असलेली वेगळी सीट मिळते, ती ज्या कॅरिअरवर किंवा फ्रेमवर चालते म्हणून लिहिलेलं असेल त्यावरच लावा.

या कॅरिअरचा जीव त्याच्या खालच्या दोन बोल्टांत असतो. हे बोल्ट पाच मिलिमीटर जाडीचे, चार मिलिमीटरच्या ॲलन चावीनं फिरणारे. कॅरिअरचा पाय फ्रेमच्या कानाला, म्हणजे बोल्टासाठीच्या आटेदार भोकाला, अगदी चिकटून बसला असेल तर बोल्टाला फक्त दोन्ही दाबून धरायचं काम असतं, आणि ते तो निमूट करतो. पण मागं डिस्क ब्रेक असला की त्याचा कॅलिपर, म्हणजे डिस्कला चिमटीत पकडणारा भाग, पायाच्या आडवा येतो. मग दुकानात दोन-चार वॉशर मध्ये सरकवून पाय बाहेर काढतात. आता तोच बोल्ट वाकण्याच्या ताणाखाली आला. प्रत्येक स्पीडब्रेकरला, प्रत्येक खड्ड्याला तो केसभर वाकतो आणि परत येतो. असं हजारो वेळा झालं की एक दिवस कानाच्या तोंडाशीच तुटतो, डोकं रस्त्यावर पडतं आणि आटे असलेला तुकडा फ्रेममध्ये अडकून राहतो. तो काढायला मग ड्रिल लागतं.

यावर उपाय साधा आहे. डिस्क ब्रेकसाठीच वाकवलेल्या पायांचं कॅरिअर मागा. ते मिळत नसेल तर वॉशरच्या चळतीऐवजी एकच जाड नळीचा तुकडा मध्ये घाला, आणि बोल्ट हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारा वापरा, डोक्यावर ८.८ किंवा १२.९ कोरलेला. कॅरिअरबरोबर पाकिटात येतात ते बोल्ट बऱ्याचदा मऊ असतात. कोल्हापुरात ही अडचण कुणाला यायला नको. उद्यमनगरातल्या कुठल्याही नट-बोल्टच्या दुकानात मोजक्या पैशांत चांगला बोल्ट मिळतो. आट्यांवर बोल्ट सैल होऊ न देणारं थोडं लॉकटाइट लावा आणि महिन्यानं एकदा चावी फिरवून बघा.

पोलाद की ॲल्युमिनियम, या वादात मी कोल्हापूरकरांना पोलादाकडंच ढकलेन. कारण दुरुस्ती. पोलादी कॅरिअर तुटलं तर आपल्या गावात पाचव्या मिनिटाला जोडून देणारा माणूस भेटतो. ॲल्युमिनियम जोडायला आर्गॉन लागतो, आणि जोडलं तरी त्या जागेच्या आसपास उष्णतेनं धातू मऊ पडतो, पूर्वीची ताकद येत नाही. बाहेरच्या देशांतले लांब पल्ल्याचे प्रवासीसुद्धा बारीक नळीचं क्रोमोली पोलादाचं कॅरिअर घेतात. जर्मनीच्या टुबुस कंपनीचं कार्गो नावाचं कॅरिअर अशा नळीचं आहे, दिसायला अगदी सडपातळ, आणि त्यावर ४० किलो चालतं. महाग आहे, पण त्याचा आराखडा बघण्यासारखा आहे: ॲक्सलजवळून निघालेले पाय वर जाताना पसरतात आणि त्रिकोण करतात. तो त्रिकोण आहे म्हणून बारीक नळी पुरते.

आपल्याकडं असं कॅरिअर बनवूनही घेता येतं, आणि माझ्या मते हा या गावातला सगळ्यांत चांगला पर्याय आहे. फॅब्रिकेशनवाल्याकडं सायकल घेऊनच जा. १० किंवा १२ मिलिमीटरची नळी सांगा. दोन्ही बाजूंना सरळ पायाबरोबर मागं तिरका जाणारा एक पाय मागा, म्हणजे बॅग आऱ्यांत शिरत नाही. पायाच्या मधोमध जोड नको. वरची पट्टी १२ ते १५ सेंटिमीटर रुंद पुरे, त्याहून रुंद केली तर बाजूच्या बॅगा नीट अडकत नाहीत. शेवटी पावडर कोटिंग. रंग फ्रेमशी जुळवून घ्या. दणकट आणि देखणं यांची इथं खरोखर गाठ पडते, आणि तीही आपल्या मापानं. ॲल्युमिनियमच्या फ्रेमला मात्र काही वेल्डिंग करू देऊ नका. जे काय असेल ते बोल्टनं.

सीटच्या दांड्याला एकाच क्लॅम्पनं बसणारं कॅरिअर दिसायला स्वच्छ असतं, सायकलला पाय-बिय काही नाहीत. मर्यादा दहा किलोच्या आत, आणि जड सामान झालं की हळूहळू एका बाजूला फिरतं. कार्बनच्या दांड्यावर लावायचंच नाही. रेसिंग सायकलवाल्यांनी रेनकोटापुरतं घ्यावं, बाकीच्यांनी त्यात पडू नये.

वर की बाजूला?

कॅरिअरच्या वर रचलेलं वजन उंच असतं, बाजूला लटकवलेलं खाली. खालचं वजन सायकलला कमी डोलवतं. आपल्या गवळ्यांनी किटल्या बाजूला लटकवल्या त्या यासाठीच, आणि आज हजारो रुपयांना मिळणाऱ्या पॅनिअर बॅगा नेमकं तेच काम करतात. दहा किलोचा गुळाचा रवा वर बांधून राजारामपुरीतून विद्यापीठाच्या दिशेनं चढ चढा, उभं राहून पेडल मारलं की मागचा भाग दोन्ही बाजूंना हेलकावतो. तोच भार बाजूच्या दोन बॅगांत विभागला तर सायकल शांत राहते.

बाजूच्या बॅगेची एक अट आहे: टाच लागता कामा नये. पेडल मागं गेलं की बूट बॅगेला घासतो. दोन्ही पेडल ज्याभोवती फिरतात त्या मधल्या ॲक्सलपासून मागच्या ॲक्सलपर्यंतचं अंतर रेसिंग सायकलला ४१ सेंटिमीटरच्या आसपास असतं, लांब पल्ल्याच्या सायकलला ४४ ते ४६. म्हणून रेसिंग सायकलला मोठी बॅग बसतच नाही. बॅग मागं सरकवून टाच वाचवता येते, पण वजन ॲक्सलच्या फार मागं गेलं की पुढचं चाक हलकं होतं आणि चढावर हँडल भरकटतं. दुकानातच सीटवर बसून उलटं पेडल फिरवून बघा, पायात नेहमीच्याच चपला-बूट घालून.

बॅगा आणि आपला पाऊस

चामड्याबद्दल कोल्हापूरकराला कुणी शिकवायची गरज नाही. आपल्या चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण त्याच्या कितीतरी आधीपासून इथला माणूस जून लागला की कोल्हापुरी उचलून कोरड्या जागी ठेवतो. सायकलच्या चामडी बॅगेला नेमका तोच न्याय लावा. दसरा ते मे तिच्याइतकं सुंदर दुसरं काही नाही, उन्हात रंग गडद होत जातो, कडा मऊ होतात. पावसात मात्र शिवण फुगते, बुरशी धरते. १८६६ साली सुरू झालेली, चामडी सीट बनवणारी ब्रुक्स कंपनीसुद्धा आपल्या सीटला भिजण्यापासून जपायला सांगते. दोन बॅगा परवडत असतील तर एक चामड्याची ठेवाच. एकच घ्यायची असेल तर ती नको.

वेताच्या टोपलीचंही तसंच. भिजून-वाळून वेत काळा पडतो, विणीचे सांधे सैल होतात. दरवर्षी मेमध्ये वॉर्निशचा हात दिला तर बरी टिकते. कॅनव्हास भिजतो आणि जुलैत वाळत नाही, कारण जुलैत काहीच वाळत नाही. मेण लावलेल्या कॅनव्हासवरून पाणी ओघळतं खरं, पण उन्हाळ्यात तो चिकट लागतो आणि साबणानं धुता येत नाही.

रेक्झिन किंवा ताडपत्रीची शिवून घेतलेली बॅग स्वस्त आणि मजबूत. पाणी शिरतं ते सुईच्या भोकांतून. शिवणीवर आतून पट्टी चिकटवून घेतली तर काम भागतं. १९८२ साली सुरू झालेल्या जर्मनीच्या ऑर्टलिब कंपनीनं न शिवता वेल्ड केलेल्या, तोंड गुंडाळून बंद करायच्या बॅगा काढल्या. दोन बॅगांत मिळून ४० लिटर सामान बसतं, पाणी खरोखर आत येत नाही, आणि बॅगेचा वरचा पट्टा उचलला की हुक सुटून बॅग हातात येते. आपल्याकडं जोडीची किंमत दहा हजारांच्या पुढं जाते. लॅपटॉप रोज नेणाऱ्याला मी ती महाग म्हणणार नाही. भाजी नेणाऱ्याला म्हणेन. भाजीला खताच्या पोत्याची शिवलेली पिशवी बाजारात मिळते, तिच्याइतकी सोयीची वस्तू कुठल्याच कंपनीनं काढलेली नाही.

बॅग निवडताना बंद कसं होतं ते जरूर बघा. चामडी पट्टे आणि पितळी बकला असलेली बॅग उघडायला चार बकला सोडायच्या, बंद करायला चार लावायच्या. धो-धो पावसात दुकानाच्या वळचणीला उभं राहून हे करताना शोभेचा सगळा आनंद निघून जातो. पट्टे शोभेचे आणि खाली लपवलेला खटका, अशीही बॅग मिळते. ती चांगली तडजोड आहे.

पूर आला की बाजूच्या बॅगेचा तळ रस्त्यापासून वीतभरापेक्षा थोडाच वर असतो हेही लक्षात ठेवा. जयंती नाल्याचं पाणी रस्त्यावर आलं असताना सामान वर बांधलेलंच बरं.

बांधायला काय? दोन्ही टोकांना लोखंडी हुक असलेली रंगीत रबरी दोरी छान दिसते, पण ताणलेला हुक सुटला तर थेट डोळ्यावर येतो, आणि सुटून आऱ्यांत गेला तर चाक अडतं. पंक्चरवाल्याकडची जुन्या ट्यूबची पट्टी घ्या. तिला हुक नाही, ती घसरत नाही, पावसाचा तिला फरक पडत नाही.

स्टँड, मडगार्ड आणि बाकीचं

कॅरिअरवर खर्च केला आणि बारीक साइड स्टँड तसंच ठेवलं, तर भरलेली सायकल मंडईत आडवी होणार. पावसाळ्यात मऊ मातीत ते रुततं. दोन पायांचं स्टँड घ्या, दिसायला जड असलं तरी. फक्त ॲल्युमिनियमच्या फ्रेमवर क्लॅम्पनं आवळून बसवलं तर नळी चेपू शकते, म्हणून स्टँडसाठी फ्रेमला पट्टी दिलेली असेल तर तिथंच बसवा.

मडगार्डमध्ये मात्र शोभा आणि उपयोग यांचं भांडणच नाही. पूर्ण लांबीचं, चाकाला लगटून जाणारं धातूचं मडगार्ड सायकलला जितकं देखणं करतं तितकं दुसरं काही करत नाही, आणि पाठीवर चिखलाचा पट्टा उमटू देत नाही. खाली रबराचा लांब फडका लावला तर पायही वाचतात. प्लॅस्टिकची आखूड शेपटी सीटखाली लावतात ती वेगवान दिसते, पण बॅगा भिजतात. साडी किंवा ओढणी घेणाऱ्यांनी मागच्या चाकाला जाळीचं गार्ड लावून घ्यावं. ते कॅरिअरच्याच पायांना बांधता येतं.

दिव्याचं एक. मागचा लाल दिवा सीटच्या दांड्यावर असतो, आणि कॅरिअरवर सामान ठेवलं की तो झाकला जातो. संध्याकाळी मंडईतून परतताना तो कुणालाच दिसत नाही. दिवा कॅरिअरच्या मागच्या पट्टीवर हलवा. कॅरिअर घेताना तिथं दिव्यासाठी भोकं आहेत का ते बघा.

घंटी पितळेची घ्या, हँडलचे ग्रिप आवडत्या रंगाचे घ्या, फ्रेमला रंग काढून घ्या. हौसेचे पैसे इथं मनसोक्त खर्च करावेत. इथं चुकीची निवड झाली तरी रस्त्यावर कुणी पडत नाही.

मग कुणी काय घ्यावं?

फक्त आसपासची कामं, रंकाळ्यावर फेरी, थोडी फुलं-भाजी, असं असेल तर ॲक्सलवर पाय असलेली पुढची टोपली घ्या आणि मागं काही लावू नका. वेताची हवी असेल तर वेताची घ्या, वॉर्निश करत राहा.

रोज विद्यापीठ किंवा ऑफिस, लॅपटॉपसह, बारा महिने: मागं कॅरिअर आणि एकच चांगली वेल्ड केलेली बॅग. जोडी घ्यायची गरज नाही. एका बाजूचं पाच-सहा किलो सायकलला कळतही नाही. पाठीवरची सॅक उतरली की उन्हाळ्यात शर्ट कोरडा राहतो, हा फायदा मिळाल्याशिवाय समजत नाही.

शिरोली किंवा गोकुळ शिरगावला कामाला जाणारे, लोखंडी जॉब आणि हत्यारं नेणारे: जुन्या वळणाची सायकल, ॲक्सलवर बसणारं कॅरिअर, डबल स्टँड. हायब्रीडला कितीही जोडकाम केलं तरी इथं ती कमीच पडेल.

घरात एकच सायकल आणि ती सगळ्यांनी वापरायची, असं असेल तर मी बनवून घेतलेलं पोलादी कॅरिअर सुचवेन. वर सुट्टी टोपली पट्ट्यांनी बांधायची, हवी तेव्हा काढायची. पन्हाळ्याला जायच्या दिवशी टोपली घरी राहते.

पैसे कमी असतील तर क्रम असा ठेवा: आधी कॅरिअर आणि त्याचे बोल्ट, मग स्टँड, मग मडगार्ड, बॅग सगळ्यांत शेवटी. पिशवी ट्यूबच्या पट्टीनं बांधूनही काही महिने निघतात. उलट क्रमानं घेतलं तर महागडी बॅग हलणाऱ्या कॅरिअरवर बसते.

दुकानातून निघायच्या आधी कॅरिअर हातानं धरून सायकल बाजूला जोरात हलवा. कॅरिअर आणि फ्रेम एकत्र हलले पाहिजेत. कॅरिअर वेगळं डुलत असेल तर वरच्या पट्ट्या सीटपर्यंत नीट पोचलेल्या नाहीत, त्या तिथंच बदलून घ्या. टायर आणि पट्टी यांच्यात बोटभर जागा आहे ना ते बघा, आणि मागच्या चाकाचा आऊट, म्हणजे फिरतानाचा वाकडेपणा, त्याच वेळी काढून घ्या. मग दोन्ही बॅगांत वजन घालून एकदा मंगळवार पेठेतल्या एखाद्या अरुंद गल्लीतून वळवून आणा. बाजूच्या बॅगांनी सायकलची रुंदी वाढलेली असते, आणि ती सवय पहिल्याच दिवशी झालेली बरी.